सोनाराने टोचलेला कान आणि लोकलमधला हेडफोन

हा भाग तुमच्यापैकी बहुतेक जण कानात काहीतरी घालूनच ऐकत असणार. कुणी डोंबिवलीच्या फलाटावर, कुणी ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीत. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय घरातूनच मिळाला. माझी भाची डोंबिवलीला राहते आणि ऐरोलीला कामाला जाते. ग्राहकांचे फोन घ्यायचं काम, म्हणजे आठ तास डोक्यावर हेडफोन. जाता-येता ट्रेनमधे वेगळा इअरफोन, तो हिशेबात धरायचा नाही. तर तिने डाव्या कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं. हल्लीच्या भाषेत ‘हेलिक्स’. पहिले पंधरा दिवस ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात कान लाल झाला, सुजला, त्या कुशीवर झोपता येईना. तिने मला फोन केला, “मावशी, हे कानातलं काढू की हेडफोन काढू? कानातलं काढलं तर भोक बुजेल आणि हेडफोन काढला तर नोकरीचं काय?”

फोन स्पीकरवर होता. शेजारी माझी आई बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, लहानपण मुरबाडकडच्या खेड्यात गेलेलं. ती शांतपणे म्हणाली, “अगं, ती बुगडीची जागा. बुगडीच्या कानाला कोणी दाबतं का?”

या एका वाक्यावर हा अख्खा भाग उभा आहे. आपण समजतो की कानाच्या वरच्या हाडाला टोचणं ही नवी फॅशन आणि हेडफोन ही साधी रोजची वस्तू. इतिहास बघितला तर नेमकं उलटं निघतं. टोचणं जुनं आहे, कान दाबून ठेवणं नवं आहे.

कल्याणचा सोनार, अंबरनाथच्या मूर्ती

आपल्याच परिसरापासून सुरुवात करू. कान्हेरीच्या लेण्यांमधे दानाचे बरेच शिलालेख आहेत. त्यातल्या एकात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान केल्याची नोंद आहे. म्हणजे कल्याण हे व्यापारी बंदर होतं तेव्हाही इथे सोनार होते, आणि दान देण्याइतके सुस्थितीत होते. पुढे शिलाहारांच्या काळात ठाणे हे राजधानीचं ठिकाण झालं. अंबरनाथचं शिवमंदिर त्याच घराण्याचं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चं. तिथे गेलात तर शिल्पांचे कान जरूर बघा. मोठमोठी कुंडलं आणि त्यांच्या भाराने खाली ओढलेल्या पाळ्या.

कान टोचायचा कसा, हे तर त्याच्याही कितीतरी आधी लिहून ठेवलंय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कानावरच आहे. बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असताना टोचावं, मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यांनी भुलवावं. पाळी उन्हाकडे धरली की जिथून उजेड आरपार दिसतो, तिथे टोचावं. मग भोकात कापसाची वात, तेल, आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. टोचणं चुकलं, दुखायला लागलं, तर काय? सुश्रुत म्हणतो, वात काढून टाका, औषधी लेप लावा, जखम पूर्ण भरू द्या आणि मग पुन्हा टोचा. हे पाळीबद्दल लिहिलंय हे खरं. पण वृत्ती बघा. भोक टिकवण्यासाठी कान पणाला लावायचा नाही. भोक काय, परत पाडता येतं.

वरच्या कानाचे दागिने

आता पाळी सोडून वर जाऊ. मराठी बायकांची बुगडी ही कानाच्या वरच्या कडेलाच घालायची. मोत्यांची, फुलासारखी, मागून फिरकीने बसवलेली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातल्या लावणीने ती घराघरात पोचवली. गंमत म्हणजे तोवर शहरातल्या रोजच्या वापरातून ती मागे पडायला लागली होती. पुरुषांची भिकबाळीसुद्धा वरच्याच भागात, बहुतेक उजव्या कानात, सोन्याच्या तारेत ओवलेले मोती. पेशवाईची आठवण म्हणून आज ती ढोल-ताशा पथकात दिसते. पाडव्याला फडके रोडवर गेलात तर भिकबाळी आणि बुगडी दोन्ही भरपूर दिसतील. त्यातल्या बऱ्याचशा चापाच्या असतात, म्हणजे भोक न पाडता नुसत्या अडकवायच्या.

आणखी एक दागिना इथे सांगायलाच हवा, कानातला वेल. कुड्या किंवा झुमके जड असले की त्यांना साखळीसारखा वेल जोडायचा आणि त्याचं टोक वर केसात अडकवायचं. शोभेची गोष्ट तर खरीच, पण त्यामुळे वजन पाळीवरून केसांवर जातं. म्हणजे ज्यांनी हे घडवलं त्यांनी कानावर किती भार येतो याचा विचार केला होता.

बुगडी टोचल्यावर काय करायचे, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, “सोनार बारीक तार घालायचा. आई तेल-हळद लावायची. त्या कुशीवर झोपायचं नाही, पदर अडकू द्यायचा नाही, केस दुसऱ्या बाजूने बांधायचे. आणि हात लावला की रट्टा.” पथ्यं सगळी एकाच अर्थाची: कान मोकळा ठेवा.

हेडफोन कुणाच्या कानासाठी बनला?

आता दुसऱ्या बाजूने येऊ. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. दिवसभर जोडण्या करून देणाऱ्या ऑपरेटरांचे हात मोकळे राहावेत म्हणून जगभरात श्रवणयंत्र डोक्यावर बांधायची पद्धत आली, तीही एकाच कानावर. दोन्ही कानांवर बसणारा, आजच्यासारखा दिसणारा हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथनिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात बनवला आणि अमेरिकी नौदलाला पाठवला. नौदलाने तो घेतला. म्हणजे पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं बिनतारी संदेश ऐकणारे खलाशी. त्यांच्या कानात बुगडी असण्याचा प्रश्नच नव्हता!

आपल्याकडे मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. तेव्हाचा स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, पण आवाज इतका क्षीण की हेडफोन लावल्याशिवाय ऐकूच येत नसे. पुढे मोठ्या आवाजाचे रेडिओ आले आणि घराघरातून हेडफोन गेला. १९५८ मधे अमेरिकेत जॉन कॉस याने संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन काढला, पण तोही घरात खुर्चीवर बसून ऐकायचा.

खरा बदल १९७९ चा. १ जुलैला जपानमधे सोनीचा वॉकमन विक्रीला आला. त्याच्यासोबतचा हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा, स्पंजच्या गोल गाद्यांचा. आता गाणी रस्त्यावर आली. आखातातून आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून वॉकमन आपल्याकडेही उतरला. मग २००१ मधे आयपॉड आला, त्याच्याबरोबर कानात अडकवायच्या पांढऱ्या गोळ्या आल्या. २०१६ मधे एअरपॉड आले आणि वायरही गेली. २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस घरात आलं आणि हेडफोन दिवसभर कानावर राहिला.

लक्षात घ्या, या सगळ्या प्रवासात ज्या कानाचं माप घेतलं गेलं, तो मोकळा कान होता. कानाच्या कडेला मोती असेल, तार असेल, ताजी जखम असेल, हे त्या मापात आलंच नाही. वेल घडवणाऱ्या सोनाराने जो विचार केला, तो इथे झाला नाही.

आणि आपली ट्रेन? १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. आज त्याच मार्गावर लेडीज डब्यात उभं राहा. एक बाई कानातल्यांनी भरलेला पुठ्ठा घेऊन गर्दीतून वाट काढत असते, आणि गिऱ्हाइकाला भाव ऐकू यावा म्हणून तिला आधी खांद्यावर टिचकी मारावी लागते, कारण सगळ्यांच्या कानात काहीतरी असतंच. दोन्ही इतिहास एकाच डब्यात भेटलेत.

दोघांची गाठ पडते तेव्हा

आता दुखतं का, ते बघू. पाळी म्हणजे त्वचा आणि चरबी. रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांत भोक भरून येतं. वरचा भाग कूर्चेचा, ज्याला आपण कानाचं हाड म्हणतो. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला वरच्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि संसर्ग झाला तर शरीराची मदत तिथे हळू पोचते. आवरणात पू झाला तर कूर्चा मरते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेल्यांमधे अशी साथच आली होती. जंतुनाशकाच्या बाटलीतच स्युडोमोनास नावाचे जंतू होते. त्रास झाला तो मुख्यतः कानाच्या वरच्या भागाला टोचलेल्यांना. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली.

स्युडोमोनासला ओलावा आवडतो. आता आपल्याकडची हवा, घाम, त्यावर आठ तास दाबून बसलेली रेक्झिनची गादी. हेडफोन सारखा हलतो, दागिना आत रुततो, भरत आलेली जखम रोज थोडी उकलते.

मग टोचलेल्याने ऐकायचंच नाही का? तसं नाही. जागा बघायची. कडेला टोचलं असेल तर कानावर टेकणारा हेडफोन सगळ्यात वाईट. कानाला पूर्ण वेढणारा, मोठ्या वाटीचा चालू शकतो, पण वाटी दागिन्याला लागत नसेल तरच. आत बसणारा छोटा इअरबड कडेला लागत नाही. पण भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याला किंवा कानाच्या आतल्या खोलगटात टोचलं असेल तर हाच इअरबड घातक. कानाच्या कडेला चिमट्यासारखे बसणारे नवे इअरफोन वरच्या टोचण्यासाठी नकोच. आणि रोज पुसून घ्या, दुसऱ्याचा घालू नका. कान गरम, लाल झाला, सूज वाढली, ताप आला तर हळद-तेलावर थांबू नका. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

भाचीचं काय झालं?

तिने ज्या दुकानात टोचून घेतलं होतं तिथे बंदुकीने टोचलं होतं. बंदूक बोथट खिळा जोराने घुसवते, कूर्चेला ते सोसत नाही. तिथे चौकशी केली तर “सगळ्यांचं होतं, आठ दिवसांत जाईल” एवढंच उत्तर मिळालं. मग ती डॉक्टरांकडे गेली. संसर्ग आवरणापर्यंत पोचत होता. अँटिबायोटिक सुरू झाली आणि डॉक्टरांनीच कानातलं काढलं. ऑफिसात तिने धीर करून साहेबांना सांगितलं, तर एका कानाचा हेडसेट कपाटात पडूनच होता. तो तिने उजव्या कानाला लावला. इतके दिवस तिने विचारलंच नव्हतं, कारण दागिन्यासाठी सवलत मागितली तर लोक हसतील असं वाटलं. कान वाचला. वरच्या कडेला बारीकशी गाठ तेवढी राहिली आहे.

आपल्याकडे म्हण आहे, सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत. आपण ती सल्ल्यासाठी वापरतो, योग्य माणसाने सांगितलं की पटतं, या अर्थाने. पण तिचा सरळ अर्थही विसरू नये. हात सवयीचा हवा, सुई बारीक हवी आणि नंतरचं पथ्य हवं. पथ्यासकट सगळी परंपरा होती. आपण टोचणं तेवढं उचललं आणि पथ्य मागे राहिलं.

भाची म्हणते, दिवाळीनंतर पुन्हा टोचणार, या वेळी उजव्या कानाला. आई म्हणाली, “टोच की. पण आधी ते डबडं कुठल्या कानाला लावणार ते ठरव, मग सोनाराकडे जा.” तिची बुगडी डबीत कापसात गुंडाळून ठेवलेली आहे. एकीची फिरकी सैल झालीय, ती दुरुस्त करून आणायचं काम माझ्याकडे आलंय.

तुमच्या घरात बुगडी घालणारं कुणी असेल तर टोचल्यावर काय काय पाळायचे, ते विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. आणि हो, आत्ता कान दुखत असेल तर हे बंद करून थोडा वेळ मोकळा सोडा. आम्ही कुठे जात नाही.