पिकअप ट्रक महाग का झाला? शंभर वर्षांचा हिशेब

१.
१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिक-अप बॉडी’ अशा लांबलचक नावाची एक गाडी विक्रीस काढली. किंमत होती २८१ डॉलर. आज अमेरिकेत पूर्ण आकाराचा नवा पिकअप घेणारा ग्राहक सरासरी ६५ हजार डॉलरच्या आसपास रक्कम मोजतो. महागाईचा निर्देशांक लावला, तर १९२५ मधील २८१ डॉलर म्हणजे आजचे सुमारे ५ हजार डॉलर होतात. मग उरलेले ६० हजार कोठून आले? या धाग्यात आपण त्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. वाटेत कोंबड्या भेटतील, तेल भेटेल, करकायदे भेटतील आणि एक भारतीय कंपनीही भेटेल.

२.
१९२५ पूर्वीही पिकअप होते. परंतु ते कारखान्यात नव्हे, शेतकऱ्याच्या अंगणात तयार होत. मॉडेल टी मोटारीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी ठोकली की काम भागे. फोर्डने १९१७ मध्ये ‘मॉडेल टीटी’ ही अधिक वजन पेलणारी सांगाडा-गाडी ६०० डॉलरला आणली. केबिन आणि हौदा मात्र ग्राहकाने स्वतः बनवून घ्यायचा. १९२५ च्या गाडीचे वेगळेपण एवढेच की पोलादी हौदा कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. इंजिन २० अश्वशक्तीचे. अशा जवळपास ३४ हजार गाड्या त्या वर्षी तयार झाल्या.

३.
किमतींची तुलना करताना केवळ डॉलर पाहणे पुरेसे नसते. ती वस्तू मिळवायला किती दिवस राबावे लागे, हे पाहावे लागते. फोर्डने १९१४ मध्ये आपल्या कारखान्यात आठ तासांच्या दिवसाला ५ डॉलर देण्यास सुरुवात केली. त्या दराने २८१ डॉलर म्हणजे ५६ दिवसांची मजुरी. २०२४ मध्ये अमेरिकेतील सामान्य कामगाराचा सरासरी मोबदला ताशी ३० डॉलरच्या आसपास होता. त्या दराने ६५ हजार डॉलर म्हणजे सुमारे २७० दिवस.

येथे थोडी सावधगिरी हवी. फोर्डची मजुरी त्या काळी इतरांपेक्षा बरीच जास्त होती, आणि ६५ हजार ही सरासरी आहे, किमान किंमत नव्हे. म्हणून सर्वांत साधा एफ-१५० घेऊ: २०२४ मध्ये तो सुमारे ३७ हजार डॉलरपासून सुरू होत होता. त्याचेही सुमारे १५४ दिवस होतात. गाडी निःसंशय कितीतरी सुरक्षित, शक्तिशाली आणि टिकाऊ झाली आहे. पण ज्याला केवळ सिमेंटची पोती वाहायची आहेत, त्याच्यापुढे ५६ दिवसांचा पर्याय आज उरलेला नाही.

४.
पहिले मोठे वळण आले ते कोंबड्यांमुळे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील यांत्रिक कुक्कुटपालनातून निघालेले स्वस्त गोठवलेले कोंबडीचे मांस पश्चिम जर्मनीच्या बाजारात शिरले. तेथील शेतकरी अस्वस्थ झाले आणि १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने त्यावरचे आयात शुल्क वाढवले. वाद आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलरचे ठरले आणि तेवढ्याच मोलाच्या युरोपीय मालावर शुल्क लावण्याची तिला मुभा मिळाली.

४ डिसेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घोषणापत्रावर सही केली. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवरील शुल्क वाढले. ट्रकवर ते २५ टक्के झाले. नेम होता फोक्सवॅगनच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर, आणि तो अचूक लागला: १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीतून अमेरिकेत जाणाऱ्या ट्रकचे मोल आदल्या वर्षाच्या एक-तृतीयांशावर आले.

५.
खरी गंमत पुढे आहे. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी यांच्यावरील वाढीव शुल्क कालांतराने गेले. कोंबड्यांचा वाद लोक विसरून गेले. ट्रकवरील २५ टक्के मात्र साठ वर्षांनंतरही टिकून राहिले. कारण उघड आहे. या शुल्काच्या आडोशाने डेट्रॉईटच्या कंपन्यांना आणि त्यांच्या कामगार संघटनेला एक सुरक्षित बाजारपेठ मिळाली होती. ती सोडायला कोण तयार होणार? तात्पुरता म्हणून घेतलेला निर्णय ज्यांना लाभदायक ठरतो, ते त्याचे राखणदार होतात. इतिहासात याची उदाहरणे पावलोपावली सापडतात.

६.
या भिंतीला भोके पाडण्याचे प्रयत्नही तितकेच रंजक आहेत. हौदा नसलेली, नुसती केबिन आणि सांगाडा असलेली गाडी आयात केली तर शुल्क ४ टक्केच लागे. म्हणून जपानी पिकअप हौद्याविना जहाजातून उतरत आणि अमेरिकेत आल्यावर त्यांना हौदा बसवला जाई. यात डेट्रॉईटही मागे नव्हते: फोर्डचा ‘कुरिअर’ प्रत्यक्षात माझदाने बनवलेला होता आणि शेवरोलेचा ‘लव्ह’ इसुझूने. १९८० मध्ये ही पळवाट बंद झाली. सुबारूने ‘ब्रॅट’ गाडीच्या हौद्यात चक्क दोन खुर्च्या बसवल्या आणि ती प्रवासी गाडी असल्याचे दाखवले. निस्सानने शेवटी अमेरिकेतच कारखाना काढला. टेनेसीतील स्मर्ना येथून १९८३ मध्ये बाहेर पडलेली त्यांची पहिली गाडी पिकअपच होती.

फोर्डने तर तुर्कस्तानातून ‘ट्रान्झिट कनेक्ट’ गाड्या मागच्या आसनांसह आणल्या आणि बंदरावर उतरल्यावर ती आसने काढून टाकली. या प्रकरणात कंपनीने २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. ज्या शुल्काने फोर्डला दशकानुदशके संरक्षण दिले, ते चुकवताना खुद्द फोर्डच सापडली.

७.
दुसरे वळण तेलाचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये इंधन-कार्यक्षमतेचा कायदा केला. त्यात मोटारी आणि ‘हलके ट्रक’ असे दोन वर्ग केले गेले. हेतू वाजवी होता: शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारा कारागीर यांच्या अवजारावर कडक बंधने नकोत. म्हणून १९८५ मध्ये मोटारींना गॅलनमागे २७.५ मैलांचे उद्दिष्ट असताना ट्रकांना २० मैलांच्या आसपासचे पुरे होते. १९७८ मध्ये जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांवर खास कर आला. तोही फक्त मोटारींवर.

प्रदूषणाच्या नियमांतही असेच घडले. भारासह एकूण ६ हजार पौंडांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांना नवी प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा सक्तीची होत होती. तेव्हा १९७५ सालासाठी फोर्डने त्या मर्यादेच्या किंचित वर बसणारा एक ट्रक आणला. त्याचे नाव एफ-१५०. आज जगप्रसिद्ध असलेल्या या गाडीचा जन्म असा एका नियमाच्या काठावर झाला.

८.
परिणाम हळूहळू दिसू लागले. मोठी मोटार बनवणे कंपन्यांना जड जाऊ लागले, मोठा ट्रक बनवणे सोपे राहिले. वर परदेशी स्पर्धेपासून २५ टक्क्यांचे कवच. जेथे स्पर्धा कमी आणि नियम सैल, तेथे नफा जास्त. आणि जेथे नफा जास्त, तेथे जाहिरात आणि संशोधनाचा पैसा. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ट्रक आहे.

ऐषारामाची चाहूल त्याआधीच लागली होती. शेवरोलेचा १९५५ चा ‘कॅमिओ कॅरिअर’ हा दोन रंगांचा, गुळगुळीत बाजूंचा देखणा पिकअप होता. पण तो अपवाद ठरला. २००१ चा एफ-१५० ‘किंग रँच’ चामड्याच्या आसनांसह आला, तेव्हा ती रीतच झाली होती. १९७० च्या दशकातील पिकअपच्या लांबीत हौद्याचा वाटा मोठा आणि केबिनचा लहान असे. आज चार दारांच्या ट्रकमध्ये हे प्रमाण उलटे झाले आहे.

९.
तिसरे वळण २००० नंतरचे, आणि त्याने छोटा पिकअप जवळजवळ संपवला. इंधनाचे उद्दिष्ट गाडीच्या ‘पदचिन्हा’वर, म्हणजे चार चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर ठरू लागले. गाडी जितकी मोठी, तितके उद्दिष्ट सौम्य. छोट्या ट्रकला आता मोटारीइतकी काटकसर करून दाखवावी लागणार होती, आणि त्याच्या विक्रीतून सुटणारा नफा मात्र तुटपुंजा. डिसेंबर २०११ मध्ये सेंट पॉल येथील कारखाना बंद झाला आणि फोर्डचा छोटा ‘रेंजर’ अमेरिकी बाजारातून गेला. २०१९ मध्ये तो परतला, तेव्हा बराच थोराड झाला होता.

करकायद्यानेही हातभार लावला. भारासह एकूण ६ हजार पौंडांहून अधिक वजनाचे वाहन व्यवसायासाठी घेतल्यास त्याची किंमत उत्पन्नातून त्याच वर्षी वजा करता येई. २००३ मध्ये ही मर्यादा २५ हजारांवरून १ लाख डॉलरवर गेली. आलिशान एसयूव्ही गाड्यांवरून ओरड झाल्यावर २००४ मध्ये त्यांची मर्यादा पुन्हा २५ हजार केली गेली. पण किमान सहा फुटी हौद्याचा पिकअप या कात्रीतून सुटला. ज्याचा नफा मोठा त्याला ही सवलत मोठी. ज्याची कमाईच थोडी, त्या सुताराला तिचा उपयोग थोडा.

१०.
येथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत ‘पिकअप’ म्हटले की बोलेरो डोळ्यांसमोर येते. ती बनवणाऱ्या महिंद्राने १९४७ पासून मुंबईत अमेरिकी विलीस जीपची जुळणी करून वाहन-व्यवसायात पाऊल टाकले. या कंपनीने २००६ मध्ये एका अमेरिकी वितरकाशी करार करून उलट दिशेचा प्रवास आरंभला: डिझेलवर चालणारा छोटा पिकअप अमेरिकेत विकायचा. २५ टक्के शुल्क टाळण्यासाठी गाडी सुट्या भागांच्या रूपात नेण्याची योजना होती. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे प्रमाणपत्रही मिळाले. परंतु तोवर भागीदारी फिसकटली होती, प्रकरण वादात गेले आणि तो ट्रक अमेरिकी रस्त्यावर कधी विक्रीस आलाच नाही.

११.
मग एवढे महाग ट्रक विकले कसे जातात? उत्तर आहे हप्ता. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच ग्राहकांना कर्ज देणारी कंपनी काढली. हेन्री फोर्ड यांचा उधारीला विरोध होता. १९२३ मध्ये त्यांनी आठवड्याला थोडे थोडे साठवून मग गाडी घेण्याची योजना आणली. ती फारशी चालली नाही आणि १९२८ मध्ये फोर्डलाही कर्जाच्या वाटेने जावे लागले.

आज सात वर्षांचे, म्हणजे ८४ महिन्यांचे कर्ज नवलाचे राहिलेले नाही. एक उदाहरण मांडून पाहू. ५५ हजार डॉलरचे कर्ज ८ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,११५ डॉलर पडतो आणि एकूण व्याज सुमारे ११,९०० डॉलर. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ८५७ डॉलरवर उतरतो. व्याज मात्र १७ हजारांवर जाते. ग्राहकाला दिसतो तो उतरलेला हप्ता, आणि चढलेली किंमत त्याच्या आड लपते. अमेरिकेतील वाहनकर्जाची एकूण थकबाकी आता १ लाख ६० हजार कोटी डॉलरच्या घरात आहे.

१२.
स्वस्त ट्रकची मागणी मेली आहे, असे मात्र कोणी समजू नये. फोर्डने २०२१ मध्ये छोटा ‘मॅव्हरिक’ १९,९९५ डॉलरला जाहीर केला आणि त्यावर उड्या पडल्या. २०२५ सालच्या मॅव्हरिकची सुरुवातच २६ हजारांच्या वर होती. विजेवरचा ‘एफ-१५० लाइटनिंग’ मे २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरला जाहीर झाला. मार्च २०२३ पर्यंत त्याचा सर्वांत साधा प्रकार ५९,९७४ वर पोहोचला आणि जुलैमध्ये ४९,९९५ वर आणावा लागला. दुसरीकडे, अमेरिकेतले कित्येक शेतकरी आणि हौशी लोक जपानचे चिमुकले ‘केई’ ट्रक मागवतात. पण कायद्यानुसार अशी गाडी सहजपणे आणायची तर ती किमान २५ वर्षे जुनी असावी लागते. नव्या कारखान्यांच्या देशात काम भागेल असा ट्रक हवा, तर पाव शतक जुना शोधायचा!

१३.
तर मग ते ६० हजार डॉलर कोठून आले? काही वाटा खऱ्या सुधारणांचा आहे: हवापिशव्या, उत्तम ब्रेक, कितीतरी पटींनी शक्तिशाली इंजिन. काही ग्राहकाच्या हौसेचा. मोठा ट्रक अनेकांना मनापासून आवडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. उरलेला वाटा निर्णयांचा आहे. १९६३ चे शुल्क, १९७५ चे वर्गीकरण, २००३ ची करसवलत, पदचिन्हाचे सूत्र. यांपैकी एकाही निर्णयाचा उद्देश ‘कामगाराचा ट्रक महाग करावा’ असा नव्हता. उलट, त्यांतले काही त्याच्याच भल्याच्या नावाने घेतले गेले.

म्हणूनच किंमत हा इतिहासाच्या अभ्यासकासाठी एक दस्तऐवज असतो. ताम्रपटाप्रमाणे तिच्यातही दान कोणी दिले, कोणाला दिले आणि भार कोणावर पडला हे वाचता येते. फक्त अक्षरे लावायला शिकावे लागते. या कथेत भार पडला तो ज्याच्यासाठी ती गाडी मुळात बनली त्याच्यावर. नवा ट्रक परवडत नाही म्हणून तो जुना घेतो. आणि नवे महागले की जुनेही महागतात.

पुढच्या वेळी एखाद्या वस्तूची किंमत ‘बाजाराने ठरवली’ असे कोणी म्हणाले, तर बाजाराचे नियम कोणत्या साली, कोणाच्या सहीने आणि कशाच्या भांडणातून ठरले, एवढे विचारून पाहा. कधीकधी उत्तर कोंबड्यांपर्यंत जाते.