भोंगा वाजला की नेमकं काय करायचं?

आजचा भाग भोंग्यावर आहे. हो, पण मध्यंतरी टीव्हीवर गाजला होता तो भोंगा नाही, कारखान्याचा भोंगा. ज्याला आपण आता सायरन म्हणतो तो.

मी बदलापूरचा. कॉलेज उल्हासनगरला झालं, म्हणजे रोजचं अंबरनाथ मधे आलंच. या तीन स्टेशनांच्या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, गाढ झोपेतसुद्धा तो सांगेल की हा वास एमआयडीसीचा, हा नाल्याचा आणि हा कुणीतरी प्लास्टिक जाळतंय त्याचा. नाक आपलं तयार आहे. कानाचं काय? समजा आत्ता, रात्री साडेदहाला, बाहेर सायरन सुरू झाला. वर जातोय, खाली येतोय, थांबत नाहीये. तुम्ही काय कराल? खाली पळाल? खिडक्या लावाल? लाइट बंद कराल? की व्हॉट्सअॅप उघडाल?

मी मित्रांना विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच आलं: व्हॉट्सअॅप. आपण इथवर कसे आलो, त्याची आजची गोष्ट.

आधी हे यंत्र समजून घेऊ, कारण ते भारी साधं आहे. भोकं असलेली एक तबकडी वेगानं फिरवायची आणि तिच्यातून हवा सोडायची. भोक समोर आलं की हवा सुटते, गेलं की अडते. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की त्याचा सूर होतो, आणि तबकडी जोरात फिरवली की सूर चढतो. सायरन सुरू होताना तो 'ऊंऽऽऽ' करत वर का जातो, तर मोटर वेग घेत असते म्हणून. १८१९ मध्ये कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसानं हे यंत्र बनवलं. ते पाण्याखालीही वाजायचं, म्हणून ग्रीक पुराणातल्या, समुद्रात गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरन्सचं नाव त्याला दिलं. म्हणजे ज्या आवाजाकडे जाऊ नये त्याचं नाव. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता अंबरनाथ. गाव जुनं. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. पण औद्योगिक अंबरनाथ सुरू होतं ते चक्क काडेपेटीपासून! १९२२ मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात लावली. त्या काळात हा बोजा जबरदस्त होता. स्वीडनच्या काडेपेटी कंपनीनं हिशोब केला की माल जहाजानं आणण्यापेक्षा इथेच बनवलेला बरा. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको, स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. कंपनी पुढे आयटीसीकडे गेली, पण रिक्षावाल्याला 'विमको नाका' म्हटलं की अजून पुरतं.

काडेपेटीची गंमत म्हणजे तिच्यात आग दोन ठिकाणी वाटून ठेवलेली असते. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, पेटीच्या बाजूला लाल फॉस्फरस. दोघं भेटले की पेट. पूर्वी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या असायच्या, त्या कुठेही घासल्या तरी पेटायच्या आणि त्या बनवणाऱ्या कामगारांच्या जबड्याची हाडं कुजायची. भारतात १९१३ च्या कायद्यानं त्यांच्यावर बंदी आली. पण नव्या पद्धतीतही गुलाचा लगदा ओला असतो तोवरच शांत, वाळल्यावर त्याला घर्षण चालत नाही. अशा कारखान्यात आग हा रोजचा विषय असतो, आणि आग म्हटलं की भोंगा आलाच.

आमच्याकडची जुनी माणसं भोंग्याबद्दल बोलतात तेव्हा मात्र आगीचं नावही काढत नाहीत. ती वेळेबद्दल बोलतात. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला डबा भरायचा, तिसऱ्याला गेटच्या आत. घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. मुंबईच्या गिरणगावात तर सगळा दिवसच भोंग्यावर बांधलेला होता. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: भोंगा कंपनीचा असला तरी ऐकायचा हक्क सगळ्यांचा होता. ज्याचा त्या कारखान्याशी काडीचाही संबंध नाही (शब्द आपोआप आला, बरं का!) त्या म्हातारीलाही तो कळायचा. आणि रोजच्या वेळा पाठ असल्यामुळे अवेळी वाजलेला भोंगा म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कुणी शिकवावं लागायचं नाही.

उल्हासनगरची सुरुवात वेगळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर १ ते ५ हे पत्ते तेव्हापासूनचे. त्या युद्धाच्या काळात सायरन म्हणजे हवाई हल्ला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा कित्येकांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो, तो त्यांच्या स्मरणार्थ. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, त्यामुळे ही आठवण झाकली जाते, पण ठाऊक असावी.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आली, शहाडला रेयॉन आलं, आणि १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर एकामागून एक औद्योगिक वसाहती. रासायनिक कारखाने वाढले. आणि धोका बदलला. आग दिसते, धूर दिसतो, वायू दिसतोच असं नाही. भोंग्याची भाषा मात्र काडेपेटीच्या काळातलीच राहिली.

ही भाषा अपुरी पडली तर काय होतं, ते भोपाळमध्ये दिसलं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. तिथे भोंगे दोन प्रकारचे होते: एक कामगारांसाठी, एक बाहेरच्या वस्तीसाठी. आणि ते एकमेकांपासून वेगळे केलेले होते, कारण किरकोळ गळतीला उगीच लोक घाबरायला नकोत. त्या रात्री बाहेरचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. आतला चालू राहिला. बाहेरचा पुन्हा जोरात वाजेपर्यंत बराच वेळ गेला होता. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं, की भोंगा ऐकून लोकांना वाटलं कारखान्यात आग लागलीय, आणि काही जण मदतीला कारखान्याच्या दिशेनंच धावले.

सायरन नावाची ती ग्रीक गोष्ट आठवली का?

बाकीचे पळाले ते वाट फुटेल तिकडे, आणि बरेचसे वाऱ्याच्याच दिशेनं, म्हणजे वायूसोबत. धावताना श्वास मोठा लागतो, त्यामुळे विष जास्त गेलं. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवं निघा, एवढं जरी आधी माहीत असतं तरी कितीतरी जीव वाचले असते. मेलेल्यांचा आकडा सरकारी हिशोबातही हजारांत आहे.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, ८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती, ८९ मध्ये घातक रसायनांचे नियम. या ८९ च्या नियमांतली एक गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्या कारखान्यानं अपघाताची झळ पोहोचेल अशा बाहेरच्या लोकांना आधीच सांगायचं असतं: धोका कसला आहे, आणि त्या वेळी काय करायचं, काय नाही. कारखान्याच्या आतल्या आराखड्याचा सराव दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या वस्तीच्या आराखड्याचा वर्षातून किमान एकदा व्हायला हवा. मला स्वतःला असं पत्रक आजवर हातात मिळालेलं नाही. आणि 'ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त' या शब्दांमधून छोटे युनिट अलगद निसटतात. एका शेडमध्ये एक रिअॅक्टर, दहा कामगार. तो फुटायला मात्र कुठली मर्यादा आडवी येत नाही.

आपल्याकडची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. शेजारच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ ला एका रासायनिक कंपनीत स्फोट झाला, १२ माणसं गेली. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट, आणि मैलभर लांबच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा लोकांना कळलं ते स्फोटाच्या आवाजानंच. म्हणजे भोंगा आणि अपघात एकच.

पण मला जास्त छळतं ते २९ नोव्हेंबर २०१४. उल्हासनगरमध्ये पहाटे वालधुनीत टँकरमधून बेकायदा रसायन ओतलं गेलं. काठावरची वस्ती झोपेत होती. शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासामुळे दवाखान्यात न्यावं लागलं. या प्रकरणात भोंगा वाजवणार कोण? कारखाना नाही, गेट नाही, वॉचमन नाही. एक टँकर येतो, रिकामा होतो, जातो. भोंग्याची सगळी कल्पना 'धोका एका जागी उभा आहे' यावर बेतलेली, आणि इथे धोका चाकांवर आला होता. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतं की उल्हासनगरात वायूचा धोका कुठून, तर मी शहाडकडे बोट दाखवलं असतं.

आणि मग आमचं बदलापूर. ३ जून २०२१. रात्री १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास एका कारखान्यातून वायूगळती झाली. जवळपास तीन किलोमीटरच्या पट्ट्यात लोकांना श्वास घ्यायला त्रास झाला. अग्निशमन दलानं ११ वाजून २४ मिनिटांनी गळती थांबवली. जीवितहानी झाली नाही, दलाचं कौतुकच. पण मधला तो एक तास आणि दोन मिनिटं बघा. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात, सगळ्यांच्या हातात फोन. मेसेजांचा पाऊस. कुणी लिहितंय बाहेर पडू नका, कुणी लिहितंय लगेच गाव सोडा. दोन्ही मेसेज पाठवणारे आपलेच, दोघांनाही काळजीच.

इथे खरी गोम आहे. आग लागली तर बाहेर पडायचं. वायू सुटला तर बहुतेक वेळा आत थांबायचं, खिडक्या-दारं लावायची, पंखा आणि एसी बंद, फटींना ओली फडकी, आणि निघायचंच झालं तर वाऱ्याला आडवं. हवाई हल्ला असेल तर आडोसा आणि अंधार. तीन संकटं, तीन वेगळ्या कृती, आणि आवाज? तोच. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत निदान दोन खुणा आहेत: चढ-उतार म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, तेव्हा अनेकांनी हे पहिल्यांदा ऐकलं आणि बऱ्याच जणांनी रील बनवलं. मी हसत नाहीये, रील बघूनच मला दोन सुरांमधला फरक नीट कळला.

'आधी कंपनी होती, लोक नंतर राहायला आले' हा वाद तुम्ही ऐकला असेल. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. स्वस्त फ्लॅट जिथे मिळाला तिथे माणसं आली, आणि बांधायची परवानगी कुणीतरी दिलीच ना? या वादातून रात्री साडेदहाला कुणाची खिडकी बंद होत नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

आता फोनकडे येऊ. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात एका सकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात तुमचा नंबर लागत नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश पाठवतो, फोन सायलेंटवर असला तरी तो वाजू शकतो. म्हणजे चक्क भोंगाच, फक्त शब्दांसकट! 'खिडक्या बंद करा, आत थांबा' असं मराठीत लिहून येऊ शकतं. शंभर वर्षं भोंग्याला जे जमलं नाही ते याला जमतं. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांच्यासाठी छपरावरचा भोंगा लागेलच. शिवाय बटण दाबायचं कुणी आणि किती मिनिटांत, हा भोपाळचाच प्रश्न आहे.

एक काम सांगतो, दहा मिनिटांचं. मॅप उघडा, घरापासून दोन-तीन किलोमीटरमध्ये कुठले कारखाने आहेत ते बघा आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना विचारा की त्यांच्यापैकी कुणाचं 'काय करा, काय करू नका' पत्रक आलंय का. आलं असेल तर फोटो काढून मला पाठवा, मला ते खरंच बघायचंय.

पुढच्या भागात वालधुनी, उगमापासून. भेटू.