दोन घरांचा हक्क

कोल्हापूरची गादी पुन्हा पुन्हा दत्तकविधानाने सावरली. १७६२ मध्ये राणी जिजाबाईंनी दत्तक घेऊन राज्य राखले. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव मांडीवर घेतला. तेच राजर्षी शाहू.

दत्तक गेलेल्याचे गोत्र बदले आणि जनक घराण्यातला वारसा सुटे. धर्मशास्त्राने एक वाट मात्र मोकळी ठेवली होती. द्व्यामुष्यायण दत्तकाला जनक आणि दत्तक, दोन्ही पित्यांचा मुलगा मानत. तो दोन्हीकडे पिंड देई, दोन्हीकडचा वारस होई. अर्थात ही सोयही वडीलधाऱ्यांची होती. दोन घरांना वारस हवा असे, म्हणून मूल दोघांचे होई.

दत्तकविधानाने वंशाची सीमाही ओलांडली. १९२८ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न करायचे होते. करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली, होळकरांच्याच जातीच्या धनगर कुटुंबाने दत्तक घेतले आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. सिॲटलमध्ये जन्मलेल्या मुलीला धनगरांचे माहेर मिळाले.

पुढच्या पिढीत हा उदारपणा टिकला नाही. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव १९६१ मध्ये वारले. वारस म्हणून मान्यता मिळाली ती त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांच्या लेक संयोगिताबाई यांच्या मुलीला, उषाराजेंना. यशवंतरावांच्या अमेरिकन पत्नीच्या पोटचे रिचर्ड होळकर बाजूला राहिले. त्यांनी पुढे महेश्वरच्या हातमागाला नवे आयुष्य दिले. होळकरांचा वारसा असाही चालवता येतो.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलींना दत्तक घेण्याची वाट खुली केली, पण जन्मघराशी नाते तोडणे कायम ठेवले. दरम्यान महाराष्ट्रातल्या संस्थांमधून मुले परदेशी जाऊ लागली. पुण्याच्या ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. शाहूंच्या दत्तकविधानानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. आताच्या नियमावलीत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. आपली ओळख गुप्त राहावी असे जन्मदात्यांनी सांगितले असेल, तर त्यांची संमती लागते.

या साऱ्या वाटचालीत पहिल्यांदाच प्रश्न मुलाच्या बाजूने विचारला जातो आहे. गादीला वारस हवा, लग्नाला जात हवी, घराला बाळ हवे, हे मोठ्यांनी ठरवले. आरशातला सावळा रंग आणि आईबाबांचा गोरा रंग यांचा मेळ मात्र परदेशी गेलेल्या मुलाला एकट्याने घालावा लागतो. शास्त्राला दोन घरांचा मुलगा चालत होता, तर दोन देशांचे मूलही आपल्याला चालले पाहिजे. दत्तक घेणाऱ्यांनी त्याच्या जन्मगावाचे नाव आणि संस्थेचे कागद जपून ठेवावेत. तो कागद मुलाचा आहे. त्याने मागितला की कुरकुर न करता द्यावा.