रणजी स्पर्धेतील विदर्भ संघाची आकडेवारी : स्पर्धेची रचना आणि प्रादेशिक इतिहास (१९५७-५८ ते २०२४-२५)

प्रस्तावना

क्रीडा-इतिहास हा मराठी इतिहासलेखनातील तसा उपेक्षित प्रांत आहे. त्यातही जे लिहिले गेले ते बहुतांशी विजेत्यांविषयी. मुंबईच्या क्रिकेटवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले, परंतु गुणतक्त्याच्या तळाशी वर्षानुवर्षे राहणाऱ्या संघांच्या नोंदींकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. इंग्लंडमध्ये स्थिती निराळी आहे. तेथील फुटबॉल लीगच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील क्लबांचेही सामने, गोल आणि प्रेक्षकसंख्या यांच्या नोंदी स्थानिक अभ्यासकांनी आस्थेने जपल्या आहेत आणि त्या नोंदींवरून गिरणगावांचा व खाणगावांचा सामाजिक इतिहास लिहिला जातो. नागपूर हे केंद्र असलेल्या विदर्भ संघाच्या नोंदींकडे याच दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विदर्भाने रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ मध्ये पदार्पण केले आणि पहिले विजेतेपद २०१७-१८ मध्ये मिळविले. मधल्या साठ वर्षांचे वर्णन ‘अपयश’ या एका शब्दात करण्याची प्रथा वृत्तपत्रांत रूढ झाली. आकडे त्या वर्णनास वरवर दुजोराही देतात. तथापि आकडा ज्या चौकटीत नोंदला जातो त्या चौकटीचा विचार न करता त्याचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

नाव आणि विभाग

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या काळात नागपूर परिसराचे प्रतिनिधित्व ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ करीत असे. राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले, नागपूरचे राजधानीपण संपले आणि पुढल्याच हंगामात ‘विदर्भ’ या नावाचा स्वतंत्र संघ रणजीच्या मैदानात उतरला. त्या वेळी एकट्या मुंबई राज्यात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र आणि विदर्भ असे सहा संघ होते. जुनी संस्थाने आणि प्रांत नकाशावरून पुसले गेले तरी धावफलकावर त्यांतील काही नावे टिकून राहिली, हे भारतीय क्रिकेटचे एक वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे. १ मे १९६० नंतरही विदर्भाचे नाव बदलले नाही. ज्या प्रदेशाला स्वतंत्र राज्य मिळाले नाही त्याचे नाव एका अखिल भारतीय स्पर्धेच्या दप्तरात दरवर्षी अधिकृतपणे नोंदले जात राहिले. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीच्या अभ्यासकांनी या साध्या गोष्टीची दखल घ्यावयास हवी होती.

नावाइतकाच विभागही महत्त्वाचा आहे. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा हे संघ पश्चिम विभागात खेळत. विदर्भ मात्र मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पुढे रेल्वे यांच्यासह मध्य विभागात राहिला. राजकीयदृष्ट्या प्रदेश पश्चिमेकडे जोडला गेला, क्रिकेटचा भूगोल जुन्या मध्य प्रांताचाच राहिला. याचा परिणाम आकडेवारीवर थेट झाला. २००१-०२ पर्यंत विभागीय रचना कायम होती, म्हणजे बादफेरी गाठल्याखेरीज विदर्भाची मुंबईशी गाठ पडणेच शक्य नव्हते. एकाच राज्यातील हे दोन संघ. परंतु त्यांची साखळीतील परस्पर तुलना करावयास चार दशकांहून अधिक काळ सामनेच उपलब्ध नाहीत.

साखळीचे गणित

विदर्भाचे पदार्पण आणि रणजी स्पर्धेतील एक मोठा बदल एकाच हंगामात घडले. १९५६-५७ पर्यंत विभागांतर्गत सामनेही बादपद्धतीने होत. १९५७-५८ पासून विभागांत साखळी सुरू झाली. नवख्या संघाला त्यामुळे दरवर्षी ठरावीक सामने मिळू लागले ही जमेची बाजू. परंतु विभागातील केवळ अव्वल संघ पुढे जात असे. मध्य विभागातील अव्वल संघ म्हणजे त्या काळचा राजस्थान. विनू मंकड, सलीम दुराणी, हनुमंत सिंग अशा खेळाडूंच्या बळावर राजस्थानने १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम फेरी गाठली आणि आठही वेळा ती गमावली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे होता. जो विभागविजेता मुंबईला एकदाही नमवू शकला नाही त्याच्या सावलीत विदर्भ होता. अशा स्थितीत ‘विदर्भ बादफेरीत गेला नाही’ हे विधान खरे असले तरी ते विदर्भाविषयी जितके सांगते तितकेच राजस्थानविषयी आणि नियमावलीविषयीही सांगते.

नियम बदलले तेव्हा काय झाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्यास प्रारंभ झाला. त्याच हंगामात विदर्भाने बादफेरी गाठली. १९९२-९३ पासून ही संख्या तीन झाली आणि १९९५-९६ मध्ये विदर्भ पुन्हा बादफेरीत दिसतो. दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य. तरीही दरवाजा रुंद होताच जो आत येतो तो तोवर दरवाजाशीच उभा असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

विभागीय रचनेचा दुसरा दोष अधिक गंभीर होता. तीत बढती नव्हती आणि पदावनतीही नव्हती. शेवटच्या क्रमांकावर राहिले तरी पुढील वर्षी तेच प्रतिस्पर्धी, तितकेच सामने. याबाबत इंग्लंडचे उदाहरण पाहता येईल. तेथील फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनिशी सुरू झाली. वरच्या श्रेण्यांमध्ये चढउतार लवकरच रूढ झाला, पण तळाच्या श्रेणीचे दार खालच्या क्लबांसाठी जवळपास बंदच होते. तळाच्या क्लबांना दरवर्षी इतर सभासद क्लबांच्या मतदानाला सामोरे जावे लागे. १९७० मध्ये ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू हा क्लब मतदानात बाहेर पडला आणि त्याच्या जागी केंब्रिज युनायटेडची निवड झाली. गुणांच्या आधारे आपोआप पदावनतीचा नियम तेथे १९८६-८७ मध्ये लागू झाला. म्हणजे मैदानावरील आकड्याला तळाच्या पायरीवर निर्णायक अर्थ यावयास जवळजवळ शतक लोटले.

भारतात हे २००२-०३ मध्ये घडले. विभाग रद्द झाले, संघांची एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाली. विदर्भाच्या वाट्याला प्लेट गट आला. हा अपमान समजला गेला. पण इतिहासाच्या दृष्टीने हीच खरी सुरुवात मानावी लागेल, कारण आता प्रथमच एखाद्या सामन्याच्या निकालाने संघाचे पुढील वर्ष बदलणार होते. त्याच हंगामात आणि पुन्हा २०११-१२ मध्ये विदर्भ प्लेट गटाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. प्लेटमधील संघ म्हणजे दुय्यमच, हा समज तर २०१०-११ मध्ये पुरता खोटा ठरला. त्या वर्षी प्लेट गटातून आलेल्या राजस्थानने करंडक जिंकला. मध्य विभागातील जुना शेजारी पाच दशकांनी अखेर विजेता झाला तो खालच्या गटातून.

गणना कोणाची?

संघाची नोंदवही आणि प्रदेशाची नोंदवही या दोन भिन्न वस्तू आहेत. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध सी. एस. यांनी दोन डावांत मिळून १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. दोघा बंधूंची ख्याती इंदूरच्या खात्यात जमा झाली. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य हेही नागपूरचे. १९९५-९६ च्या सुमारास ते भारताकडून एकदिवसीय सामने खेळले, परंतु त्या वेळी ते बंगालचे खेळाडू होते.

नागपुरात पहिला कसोटी सामना ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झाला (न्यूझीलंडने तो १६७ धावांनी जिंकला). विदर्भ संघाचा खेळाडू म्हणून कसोटी खेळण्याचा पहिला मान उमेश यादव याला नोव्हेंबर २०११ मध्ये मिळाला. मैदान आणि खेळाडू यांच्यामधील हे बेचाळीस वर्षांचे अंतर विदर्भाच्या क्रिकेट-इतिहासातील बहुधा सर्वांत बोलका आकडा आहे. शहर यजमान होते, सहभागी नव्हते. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या यादवने रणजी पदार्पण केले ते २००८-०९ मध्ये, प्लेट गटात; आणि त्याच हंगामात जामठा येथील नव्या मैदानावर पहिली कसोटी झाली.

याच्या उलट बाजूस फैज फजल. त्याने जून २०१६ मध्ये हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध एकमेव एकदिवसीय सामना खेळला आणि नाबाद ५५ धावा केल्या. एकदाही बाद न झाल्याने त्याची सरासरी गणिताने काढताच येत नाही. विदर्भाकडून दीड दशकाहून अधिक काळ खेळलेल्या या सलामीवीराचे आंतरराष्ट्रीय मूल्यमापन आकड्यांना करता आलेले नाही, ते असे.

येथे विदर्भाच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या अनुशेषाच्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांची तूट मोजली आणि मोजणीची आधाररेषा कोणती असावी हाच वादाचा मुद्दा पुढे राहिला. क्रिकेटच्या आकडेवारीतही प्रश्न तोच आहे. विदर्भाची तुलना मुंबईशी करावयाची की समान संधी लाभलेल्या संघांशी, यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

२०१७-१८ आणि नंतर

२०१७-१८ च्या यशामागे जामठ्याचे मैदान, निवासी अकादमी, चंद्रकांत पंडित यांचे प्रशिक्षण आणि वसीम जाफरसारखे बाहेरून आलेले अनुभवी खेळाडू ही कारणे सर्वज्ञात आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. उपांत्य सामना मात्र तपशिलाने पाहण्याजोगा आहे. कोलकात्यातील ईडन गार्डन्सवर विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. विभागीय साखळीच्या काळात, कमी दिवसांच्या सामन्यात, ही लढत येथेच संपली असती, कारण अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी हाच निकाल असे. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा केल्या. १९८ धावांचे लक्ष्य घेऊन उतरलेला कर्नाटक १९२ वर बाद झाला. रजनीश गुरबाणीने सामन्यात बारा बळी घेतले आणि अंतर राहिले अवघ्या पाच धावांचे.

इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबाणीने हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही दुसरीच हॅट्‌ट्रिक; पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची. तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले आणि त्यांपैकी एक होता १४५ धावा करणारा ध्रुव शोरी. अक्षय वाडकरच्या १३३ धावांच्या जोरावर विदर्भाने ५४७ धावा उभारल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी सामना नऊ गडी राखून जिंकला. वाडकर हा रणजीच्या अंतिम सामन्यात शतक करणारा विदर्भाचा पहिला फलंदाज, असे तेव्हा छापून आले. विधान बिनचूक आहे. फक्त विदर्भाचा तो पहिलाच अंतिम सामना होता, हे लक्षात घेतले म्हणजे विक्रमांच्या याद्या कशा लांबतात तेही कळते.

पुढील हंगामात करंडक विदर्भाकडेच राहिला. जामठ्याला झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करताना आदित्य सरवटेने अकरा बळी मिळविले. त्या हंगामात जाफरने १०३७ धावा केल्या आणि रणजीच्या दोन हंगामांत हजार धावांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला फलंदाज ठरला. पहिला हजार त्याने मुंबईकडून केला होता, दुसरा विदर्भाकडून. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत होता. वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी विजय मिळविला. २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवून विदर्भाने त्याची परतफेड केली आणि केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखून पहिल्या डावातील ३७ धावांच्या (३७९ विरुद्ध ३४२) आघाडीवर तिसरे विजेतेपद मिळविले. २०२०-२१ मध्ये करोनामुळे स्पर्धा झाली नाही. ते वर्ष वगळता सात हंगामांत चार अंतिम फेऱ्या आणि तीन करंडक असा हा हिशेब होतो.

त्याच २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने दहा सामन्यांत ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये मोडला होता, ६८ बळींसह. पण ते बळी प्लेट गटातील असल्याने त्यांचे मोल कमी लेखणारेही होते. दुबेच्या विक्रमाबाबत असा आक्षेप आला नाही. एलिट आणि प्लेट यांतील अंतर नाकारता येत नाही. तथापि ज्या संघाने स्वतः दशकभर प्लेटमधील धावा आणि बळी मोजले, त्याच्या प्रदेशातील अभ्यासकांनी तरी अमनचा आकडा तळटीपेत ढकलू नये.

२०२४-२५ च्या त्या अंतिम सामन्यात जामठ्याला विदर्भाच्या संघात ध्रुव शोरी होता, ज्याने इंदूरला विदर्भाविरुद्ध १४५ धावा केल्या होत्या. करंडकासाठी केरळकडून झुंजत पहिल्या डावात ७९ धावा करणारा फलंदाज होता नागपूरचा आदित्य सरवटे. त्याच मैदानावर सहा वर्षांपूर्वी सौराष्ट्राचे अकरा बळी त्याने विदर्भासाठी घेतले होते.