सातबाऱ्यावर नसलेले मैदान

गेल्या मार्गशीर्षात संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला सुदुंबऱ्यास गेलो होतो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या टाळकऱ्याचं हे गाव. परतताना तळेगाव–चाकण रस्त्यालगतच्या एका मोकळ्या प्लॉटवर मुलं क्रिकेट खेळत होती. माझ्या हातातली गावनकाशाची झेरॉक्स पाहून एकाने विचारलं, "काका, मोजणीला आलात का?" मी नाही म्हटल्यावरही पुढची ओव्हर त्यांनी घाईतच टाकली.

मी पेशाने संशोधक नाही. जुने कागद वाचायला तलाठी कार्यालयांच्या बाकांवर बसूनच शिकलो. मावळातल्या गावांना पूर्वी मैदानं होती, असं आपण सर्रास म्हणतो. कागद तसं म्हणत नाहीत. गावनकाशावर गावठाण, गायरान, ओढा, गाडीवाट, स्मशान दाखवलेलं असतं. क्रीडांगण शोधून सापडत नाही. मग खेळ कुठे चालत? भात निघालं की मोकळ्या झालेल्या खाचरांत, मळणी उरकलेल्या खळ्यावर, देवळापुढे, आणि यात्रेला माती भुसभुशीत करून केलेल्या आखाड्यात. जागा मालकीने नव्हे, हंगामाने मिळे.

इथेच गोम आहे. गाव नमुना सात मालक सांगतो, नमुना बारा हंगामवार पीक. खरिपाला, रब्बीला, अगदी पडीक जमिनीलाही तिथे जागा आहे. खेळाला रकाना नाही. शेतकऱ्याने न बोलता दिलेली परवानगी जमीन विकली गेली त्या दिवशी संपली. हरकत घ्यायची तरी कशाच्या आधारावर?

मुंबईत ती घेतली गेली. 1881च्या सुमारास एस्प्लनेडवर खेळणाऱ्या देशी क्रिकेटपटूंनी, गोऱ्यांच्या पोलोतल्या घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते, म्हणून सरकारकडे अर्ज केले. दाद सहजी लागली नाही. पण पुढे समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. त्या धर्मवार मिळाल्या, हे मला खटकतं. तरी मैदानं आजही आहेत.

आमच्याकडे वेळच कमी मिळाला. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970ची, महापालिका 1982ची. ज्या भोसरीची ख्याती पैलवानांची आणि कबड्डीची, तिच्या शिवारात कारखाने उभे राहिले. तीच लाट चाकण-तळेगावमार्गे सुदुंबऱ्यापर्यंत आली. गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. सरकारला जागा हवी असली की ती सापडते, एवढं त्यावरून कळतं. नव्या गृहसंकुलांत नियमानुसार मोकळी जागा सोडली जाते, पण ती फाटकाच्या आत. बाहेरच्या मुलाला तिथे वॉचमन विचारतो, "कुठल्या विंगचा?"

विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण पडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. 1966च्या नगररचना अधिनियमातलं कलम 127 वाचून पाहावं. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होतं. मालकाचीही बाजू आहे. मोबदल्याशिवाय त्याने जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण ती नोटीस आल्याचं त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना कुणी कळवत नाही. कायद्यात तशी तरतूदही नाही.