कोरमंगलातल्या दुकानात नाशिकची बाटली

पुण्यात ज्या भावात नाशिकची वाइन मिळते, त्याच भावात ती कोरमंगलात मिळेल, असं समजू नका. लोक म्हणतात, हजार किलोमीटरची वाहतूक आहे, महाग पडणारच. पण वाहतुकीचा वाटा त्यात थोडा. खरं कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मद्य हा राज्यांचा विषय, त्यावरचा करही राज्यांचा. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हाही पिण्याचं मद्य त्याच्या बाहेरच राहिलं. त्यामुळे कागल ओलांडून निपाणीत शिरलेली बाटली कर्नाटकासाठी बाहेरची ठरते. उलट दिशेनेही तसंच.

ही भिंत असताना दोन्हीकडे वाइन कशी उभी राहिली, ते बघण्यासारखं आहे.

बंगळूरच्या आसपास द्राक्षं जुनी. 'बंगळूर ब्लू' हे काळं, बियांचं, जाड सालीचं द्राक्ष तिथं दीडेकशे वर्षं पिकतंय. २०१३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. रस, जॅम आणि गोड पोर्टसाठी ते उत्तम. गोव्याहून आपण हौसेने आणतो त्या पोर्टमध्येही ते वापरतात. पण युरोपात जेवणाबरोबर पितात तशी वाइन त्यातून होत नाही. कंवल ग्रोव्हर यांना नेमकी तीच करायची होती. शॅम्पेन प्रांतातले जॉर्ज व्हेसेल यांना सोबत घेऊन त्यांनी फ्रेंच वाण लावून पाहिले आणि नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरला जागा पक्की केली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, त्यामुळे रात्री थंड. द्राक्षातली आंबटाई टिकायला थंड रात्र लागते. १९८८ला कंपनी, १९९२ला पहिली वाइन. म्हणजे कोरमंगलापासून पन्नासेक किलोमीटरवर.

इकडे नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने ऐंशीच्या दशकातच फेसाळती वाइन काढली होती. त्यांच्या इंडाज कंपनीची पुढे वाताहत झाली, हा वेगळ्या भागाचा विषय आहे. नाशिकला अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांची सुला २०००मध्ये बाजारात आली. ज्या शिवारात खाण्याची द्राक्षं होत, तिथं सोव्हिन्यों ब्लां आणि शनँ ब्लां लागली. मग सरकार जागं झालं. २००१च्या धोरणात महाराष्ट्राने आपल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. कर्नाटकाचं धोरण आलं २००७ला. त्यात नंदीबरोबर कृष्णाखोरंही आहे, म्हणजे विजापूर, बागलकोटचा भाग.

दोन्ही राज्यांनी आपापल्या बागाईतदाराला सांभाळलं, ते योग्यच. पण गिऱ्हाईक मध्ये अडकलं. कंपन्यांनी भिंतीवर उपाय शोधला: दोन्ही बाजूंना घर करायचं. २०१२ साली ग्रोव्हर आणि इगतपुरी तालुक्यातली झांपा एकत्र आल्या. सुलाचीही चन्नपट्टणजवळ वायनरी आहे. म्हणून कोरमंगलात बाटली उचलताना पुढचं नाव नंतर वाचा, आधी मागची बारीक अक्षरं वाचा. वाइन कुठं तयार झाली, ते तिथं लिहिलेलं असतं. कर्नाटकात तयार झालेली असेल, तर तुमच्या पैशातला मोठा वाटा बाटलीतल्या मालाला जाण्याची शक्यता जास्त. पुण्यातल्या वाचकांनी हेच उलटं करावं.

माझं मत विचाराल, तर बंगळूरकरांनी रोजच्यासाठी नंदीकडची लाल घ्यावी, शिराझ किंवा काबर्ने-शिराझ. नाशिकची पांढरी शनँ थोडी महाग पडली तरी अधूनमधून घ्यायला हरकत नाही. माशाच्या कालवणाबरोबर ती छान जाते. पांढरी घेताना साल बघा, जितकं ताजं तितकं बरं. आपल्याकडे खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, गोडी छाटणी पावसाळ्यानंतर आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे यंदाची पांढरी यंदाच दुकानात येऊ शकते. उन्हात मांडलेली बाटली मात्र स्वस्त असली तरी सोडा.

परदेशी वाइनवर सीमाशुल्कच १५० टक्के असायचं. डिसेंबर २०२२पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे तिथल्या, आयात किंमत पाच डॉलरच्या वर असलेल्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय. पाचच्या खालच्या बाटलीला ही सवलत नाही. तेव्हा अगदी स्वस्त ऑस्ट्रेलियन बाटली दिसली, तर तिच्या किमतीत वाइन किती आणि कर किती, याचा हिशोब करा आणि शेजारची नंदीची उचला.