खरड छाटणी

पंचवटीतील आमच्या वाड्याच्या परसात एक द्राक्षवेल आहे. जात भोकरी. आजोबांनी ती लावली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला आधारही जिवंतच दिला, पांगाऱ्याचा. आज नाशिकच्या शिवारात लोखंडी कोन आणि ताणलेल्या तारांचे मांडव दिसतात. जुन्या बागांतून वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. परस म्हणजे काही बाग नव्हे. वेलीखेरीज एक पेरू, एक डाळिंब, आडापाशी केळीचे बेट आणि भिंतीलगत कढीलिंब, एवढाच संसार. तरी चैत्र लागला की आजोबा एखाद्या मोठ्या बागायतदाराच्या थाटात धोतराचा काचा मारून कात्री बाहेर काढीत.

लहानपणी मला हा प्रकार क्रूर वाटे. द्राक्षे नुकतीच खाऊन संपलेली, वेल पानांनी भरलेली, आणि आजोबा तिला पार बोडकी करून टाकीत. एकेक काडी एका डोळ्यावर आणून ठेवीत. “आजोबा, मरेल ना ती!” म्हणून मी एकदा रडलो होतो. “मरत नाही रे, तिला जागी करतोय,” एवढेच त्यांनी सांगितले.

यंदाच्या चैत्रात मी तीच कात्री हाती घेतली, तेव्हा थोरले बंधू ओट्यावर बसले होते. वाडा पाडून तेथे इमारत उभी करण्याचे घरात जवळजवळ ठरले आहे. सह्या तेवढ्या व्हायच्या आहेत. दादा म्हणाले, “आता कशाला छाटतोस? फळ यायचं माघ-फाल्गुनात. तेव्हा आपण इथं असणार का?” त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. चैत्रात छाटलेल्या वेलीचे फळ हाती यायला दहा-अकरा महिने लागतात. मला उत्तर सुचले नाही, तेव्हा मी इतिहासात शिरलो. मास्तर लोकांची ही जुनी पळवाट आहे.

द्राक्ष ही मूळची थंड मुलुखातली वेल. तिकडे हिवाळ्यात तिची पाने झडतात, ती निजते, वसंतात फुटते आणि वर्षाकाठी एकदा फळते. नाशिकची थंडी आपण कितीही मिरवली, तरी द्राक्षवेलीला निजवण्याइतकी ती कडक नाही. येथे ती बाराही महिने हिरवी राहू पाहते, आणि माणसाने मध्ये हात घातला नाही तर पानेच वाढवीत बसते. थंडीचे काम येथे कात्रीला करावे लागते, तेही वर्षातून दोनदा. खरड छाटणीने जुनी काडी जाऊन नवी फुटते आणि उन्हाळ्याच्या रणरणत्या उन्हात त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यांत पुढल्या घडाचा गर्भ धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मग पावसाळा सरला, की आश्विनाच्या सुमारास पाच-सहा, फार तर आठ डोळे राखून काडी पुन्हा कापायची. या दुसऱ्या छाटणीला म्हणतात गोडी छाटणी.

गोडी का? कारण एके काळी आंबट बहारही घेत असत. चैत्रातल्या छाटणीनंतर जे घड निघत ते पावसात सापडत. काही कुजत, उरलेले आंबट राहत. आश्विनानंतरचे घड मात्र कोरड्या हवेत, फाल्गुनाच्या उन्हात साखर धरीत. पुढे आंबट बहाराचा नाद लोकांनी सोडला. गोडीचे नाव तेवढे राहिले.

आता इब्न बतूताकडे वळतो. हा मोरोक्कोचा प्रवासी महंमद तुघलकाच्या दरबारी होता. १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाल्यावर तो वाटेत देवगिरीस, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादेस, आला. त्याच्या प्रवासवर्णनात नोंद आहे, की येथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात व ती वर्षातून दोनदा फळतात. प्रवाशांच्या थापा पुष्कळ असतात, आणि इब्न बतूताही त्या बाबतीत कंजूष नव्हता. पण हा माणूस द्राक्षांच्या देशातून आलेला. वर्षात दोन बहार ही त्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट, म्हणूनच ती त्याने टिपली. आणि वेल आपण होऊन असे क्वचितच करते. तेव्हा माझा तर्क असा, की खरड आणि गोडी यांची जोडी, निदान तिची पहिली ओळख, सहा-सातशे वर्षांपूर्वीच गोदावरीच्या खोऱ्यात कुणाला तरी झाली होती. तुघलकाने राजधानी दिल्लीहून हलवली ती हकीकत प्रत्येक शाळकरी पोरास ठाऊक असते. कात्री धरणाऱ्या त्या माळ्याचे नाव मात्र मला कोठे सापडलेले नाही.

नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद म्हटले, हे सर्वश्रुत आहे. १८८३ साली निघालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरात येथील द्राक्षांची दखल आहे. पण आज ज्याला आपण द्राक्षाचा धंदा म्हणतो त्याचा आरंभ सांगताना १९२५ साल आणि ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांचे नाव घेतात. तेव्हा वेलीला पाणी मोटेचे. जाती भोकरी, फकडी, पंढरी साहेबी. पुण्याला गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून ‘चीमा साहेबी’ काढली. मागाहून हैदराबादकडची अनाबेशाही आली, आणि अखेर कॅलिफोर्नियाचे नाव लावून, पण मूळची पश्चिम आशियातली, बिनबियांची थॉमसन. तिच्यापुढे जाड सालीच्या, बियांच्या भोकरीचे काही चालले नाही. पुढे दुष्काळ आणि खारे पाणी यांना तोंड देण्यासाठी ‘डॉगरीज’ नावाच्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधू लागले. आमची वेल अजून आपल्याच मुळांवर उभी आहे.

एवढे ऐकून दादा म्हणाले, “बरं, मग छाट.” इतिहासाने पटले की कंटाळले, ते कळले नाही.

मी वेल खरडली. खोडाची सुटलेली साल सोलून काढली, कारण तिच्याआड पिठ्या ढेकूण दडतो. आळे उकरून शेणखत घातले. कापलेल्या जागांना मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला. त्याचीही गंमत आहे. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे बागायतदार रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडीत, तो चोरांनी किळस वाटून द्राक्षांना हात लावू नये म्हणून. मिलार्दे या प्राध्यापकाने पाहिले, की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही; १८८५ साली त्याने हे औषध जगापुढे ठेवले. आमच्या शाळेच्या कुंपणालाही तो लेप द्यावा असे मला पुष्कळदा वाटते.

पंधरवड्यात फूट आली. जोमदार तेवढ्या काड्या राखल्या, बाकीच्या विरळल्या. पुढे शेंडे मारले. शिवाय गेल्या आश्विनात छाटलेल्या काड्यांपैकी चार मी डब्यांत रोवून ठेवल्या होत्या. फाल्गुनात त्या शाळेच्या आवारात, नळाच्या मागे लावल्या. दोन जळाल्या. एक शेळीने खाल्ली. उरलेलीस आमच्याच पांगाऱ्याची फांदी तोडून खुंट म्हणून दिली आहे. पांगारा फांदीवरून सहज लागतो. वेलीच्या आधी त्यालाच पालवी फुटली.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गोडी छाटणीचे दिवस असतील. सह्या अजून झालेल्या नाहीत. कात्रीला धार लावून आणली आहे.